व्हीनस, वारा आणि पलंगावरची चादर

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

पुराणकथांवरची जुनी गाजलेली चित्रं समोर ठेवून घरच्या घरी गमतीचे फोटो कसे काढायचे, हा या वेळचा विषय. बहुतेक पत्रं इटालियन चित्रकार बोत्तिचेल्लीच्या ‘व्हीनसचा जन्म’ या चित्राबद्दल आहेत, म्हणून जास्त जागा त्यालाच दिली आहे. ज्यांच्यासमोर चित्र नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: मधोमध मोठ्या शिंपल्यावर उभी व्हीनस, म्हणजे रोमन प्रेमदेवता, डावीकडे हवेत तरंगत फुंकर घालणारा वाऱ्याचा देव झेफिर आणि त्याला बिलगलेली सखी, उजवीकडे झगा पसरून व्हीनसला पांघरायला आलेली ऋतुदेवता होरा, आणि सगळीकडे भुरभुरणारे गुलाब. काळ साधारण १४८५. मूळ चित्र फ्लॉरेन्सच्या उफ्फिझी संग्रहालयात आहे.

प्रश्न: व्हीनसचे केस उडताना दाखवायला हेअर ड्रायर वापरला. केस डोळ्यांत आणि तोंडात जातात, नाहीतर गालाला चिकटतात. चित्रातल्यासारखे लहरत नाहीत. काय करावं?

ड्रायरचा झोत अरुंद असतो आणि सलग येतो. तो केस उचलत नाही, एका दिशेनं दाबून धरतो. मॉडेल उभी असतानाच फोटो हवा असेल तर ड्रायर बाजूला ठेवा आणि ६० × ९० सेंटिमीटरचा कडक पुठ्ठा घ्या. मदतनीसानं फ्रेमच्या बाहेर, डाव्या बाजूला, मीटरभर अंतरावर उभं राहून पुठ्ठ्यानं खालून वर असा एकच जोरदार हेलकावा द्यायचा. केस एकदम उचलले जातात आणि क्षणभरात खाली येतात. तेवढ्यात सलग फोटोंच्या मोडवर पाच-सहा फोटो मिळतात. शटर १/५०० सेकंद किंवा त्याहून वेगवान ठेवा. १/१२५ ला केसांची टोकं पुसट होतात, आणि बोत्तिचेल्लीच्या चित्रात पुसट असं काही नाहीच.

तरीही हुबेहूब लहरी मिळणार नाहीत. कारण चित्रातले केस सुटे उडत नाहीत, दोरखंडासारख्या जाड बटांनी वळसे घेतात. खरा वारा असं करत नाही. त्यामुळे आमची शिफारस दुसऱ्या रीतीची आहे: मॉडेलला उभं करूच नका, जमिनीवर झोपवा आणि फोटो वरून काढा. निळी किंवा फिकट हिरवी चादर अंथरा, केस चादरीवर पसरा, सात-आठ बटा करा, प्रत्येकीला थोडं पाणी किंवा जेल लावून बोटानं एस आकाराचं वळण द्या. वाऱ्याची दिशा डावीकडून उजवीकडे, म्हणजे बटा फोटोत उजवीकडे जायला हव्यात. एक लांब बट मॉडेलच्या डाव्या हातात द्या, मूळ चित्रात तशीच आहे. केस आखूड असतील तर पिवळसर तपकिरी लोकरीचे ६० ते ८० सेंटिमीटरचे धागे डोक्यामागून पसरवा. वरून पाहताना लोकर आहे हे चटकन कळत नाही, आणि कळलं तरी गंमतच वाढते.

या रीतीनं बाकीचे अवघड प्रश्नही सुटतात. झेफिर तरंगतो, गुलाब हवेत थांबतात, होराचा झगा फुगतो. आणि मुख्य म्हणजे व्हीनसची उभं राहण्याची ढब जमते. चित्रात तिचा भार डाव्या पायावर इतका पुढे सरकला आहे की त्या ढबीत खरं माणूस तोल सावरून उभं राहू शकत नाही. झोपल्यावर तोलाचा प्रश्नच उरत नाही.

प्रश्न: वरून फोटो काढायचा प्रयत्न केला. कॅमेरा किती उंच हवा, आणि शिडीचे पाय फ्रेममध्ये येतात त्याचं काय? शिवाय मॉडेल झोपलेली आहे हे लगेच ओळखू येतं.

आधी उंची. चार जण बसवायला साधारण ३.२ मीटर रुंद आणि २ मीटर उंच चौकट लागते. उंचीचं गणित सोपं आहे: लेन्सची फोकल लांबी (लेन्सवर लिहिलेला मिलिमीटरचा आकडा) गुणिले चौकटीची रुंदी, भागिले सेन्सरची रुंदी. फुल फ्रेम (३६ मिलिमीटर रुंद सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर २४ मिलिमीटरच्या लेन्सला २.१ मीटर उंची पुरते, ३५ मिलिमीटरला ३.१ मीटर. फोनचा मुख्य कॅमेरा बहुधा २४ ते २६ मिलिमीटरच्या तोडीचा असतो, म्हणजे २.१ ते २.३ मीटर. फोनचा अल्ट्रावाइड कॅमेरा वापरू नका. कडेला झोपलेल्यांची डोकी लांबट होतात. मुख्य कॅमेऱ्यातही थोडा ताण येतोच, म्हणून कडेच्या मंडळींची डोकी आत आणि पाय कडेकडे ठेवा. ताणलेले पाय उडणाऱ्या झेफिरला उलट शोभून दिसतात.

शिड्या चौकटीच्या डाव्या-उजव्या बाजूला न लावता व्हीनसच्या डोक्याकडे आणि पायांकडे लावा. तिथे अंतर कमी असतं. दोन घडीच्या शिड्या २.४ मीटर अंतरावर ठेवायच्या, वरच्या पायऱ्यांवर ३ मीटरचा बांबू किंवा ॲल्युमिनियमचा पाइप आडवा बांधायचा आणि त्याच्या मध्यावर कॅमेरा अडकवायचा. कॅमेरा क्लॅम्पशिवाय वेगळ्या दोरीनंही बांधाच. खाली माणसाचा चेहरा असतो. हात पुरतच नाही, तेव्हा शटर टायमरनं किंवा रिमोटनं दाबा.

कॅमेरा जमिनीला समांतर आहे का हे तपासायला चौकटीच्या बरोबर मध्यावर एक छोटा सपाट आरसा ठेवून चाचणीचा फोटो काढा. आरशात लेन्सचं प्रतिबिंब फोटोच्या मध्यबिंदूवर आलं तर कॅमेरा सरळ आहे. डावीकडे-उजवीकडे सरकलेलं दिसलं तर तेवढा तो कललेला आहे. ही तपासणी टाळली की शिंपला एका बाजूला मोठा येतो आणि मग संपादनात सरळ करताना माणसं ताणली जातात.

आता झोपलेलं ओळखू येण्याबद्दल. चुगली तीन जागा करतात.

पहिली जागा पाय. झोपल्यावर पावलं सैल पडतात, बाहेर वळतात, आणि माणूस फासावर लटकल्यासारखं दिसतं. तळव्यांना टेकवून एक जाड फळी ठेवा, ती भिंतीला किंवा वजनदार पेटीला अडवा आणि मॉडेलला फळी खरोखर दाबायला सांगा. पोटऱ्या ताठ होतात, बोटं कॅमेऱ्याकडे येतात आणि शरीराचं वजन पायांवर आहे असं वाटू लागतं. डावा पाय सरळ, उजवा गुडघा किंचित वाकलेला, कंबर डावीकडे सहा-सात सेंटिमीटर सरकवलेली. फळीवर शिंपल्याचा कागद चढवला की ती दिसत नाही.

दुसरी जागा चेहरा. गाल कानांकडे ओघळतात, हनुवटी वर जाते. डोक्याखाली तीन-चार सेंटिमीटर जाडीचा घडी केलेला टॉवेल द्या आणि तो केसांखाली लपवा. हनुवटी थोडी खाली घ्यायला सांगा. मान लांब दिसायला हवी असेल, आणि या चित्रात ती हवीच, तर खांदे पायांकडे ओढून घ्यायला सांगायचं.

तिसरी जागा सावली. एकाच दिव्याचा कडक प्रकाश असला की प्रत्येक वस्तूच्या कडेला तिची सावली चादरीवर चिकटलेली दिसते आणि सगळं बिंग फुटतं. सुदैवानं मूळ चित्रात कुणाचीच सावली पडलेली नाही. फ्लॅश पांढऱ्या छताकडे वळवा किंवा समोरासमोरच्या दोन खिडक्यांचा, पातळ पांढऱ्या पडद्यातून गाळलेला उजेड घ्या. होराच्या झग्याखाली मात्र वर्तमानपत्राचे बोळे कोंबून तो पाच-सात सेंटिमीटर उचला, नाहीतर कापड इस्त्री केल्यासारखं सपाट पडतं.

प्रश्न: शिंपला कशाचा करावा? थर्माकोलचा कापून पाहिला, पण फोटोत नुसती पांढरी चकती दिसते.

सपाट चकतीवर रेघा काढून शिंपला होत नाही, त्याला घड्या लागतात. ६० सेंटिमीटर रुंद आणि २५६ सेंटिमीटर लांब जाड कागद घ्या (तुकडे चिकटवले तरी चालतील). ८ सेंटिमीटरवर एक अशा पंख्यासारख्या उलटसुलट घड्या घाला. ३२ पट्ट्या होतात, म्हणजे १६ उंचवटे. एक टोक तारेनं घट्ट बांधून दुसरं पसरलं की ६० सेंटिमीटर त्रिज्येचं अर्धवर्तुळ मिळतं. त्याचा परीघ १८८ सेंटिमीटर असल्यानं कागद पुरता ताणला जात नाही आणि प्रत्येक उंचवटा पाच सेंटिमीटरच्या आसपास उभा राहतो. बाहेरची कड प्रत्येक घडीवर अर्धगोल कातरा.

याहून आखूड कागद घेतला तर घड्या उघडून सपाट होतात, आणि तुमच्या थर्माकोलसारखंच दिसतं. समोरून पडणाऱ्या मऊ उजेडातही उंचवटे पुसले जातात. म्हणून एक लहान दिवा फक्त शिंपल्यासाठी, जमिनीलगत, बाजूनं घासून जाईल असा लावा. तो उजेड माणसांवर पडू देऊ नका. दिवा नको असेल तर प्रत्येक घडीच्या एकाच बाजूला फिकट तपकिरी खडू फिरवा. कागदावर उभं राहू नका. शिंपला पावलांच्या मागे आणि खाली दिसला की पुरे.

प्रश्न: कपडे, फुलं, शिंपला, सगळं जमवलं. तरी फोटो चित्रासारखा न दिसता स्नेहसंमेलनातल्या वेशभूषा स्पर्धेसारखा दिसतो. असं का होतं?

दोन कारणं असतात. एक तांत्रिक आणि एक गमतीच्या जागेचं. दुसरं जास्त महत्त्वाचं आहे, पण आधी तांत्रिक.

फोनचा पोर्ट्रेट मोड बंद करा. धूसर पार्श्वभूमी ही लेन्सची भाषा आहे. बोत्तिचेल्लीच्या चित्रात जवळचे बोरूच्या झाडाचे दांडे आणि दूरचा किनारा सारखेच रेखीव आहेत. कॅमेऱ्यावर लेन्सचं छिद्र लहान, म्हणजे एफ/८ किंवा एफ/११ ठेवा. मग चौकट: मूळ चित्र १७२.५ × २७८.५ सेंटिमीटर आहे, म्हणजे रुंदी उंचीच्या १.६१ पट. ६००० × ४००० पिक्सेलचा फोटो असेल तर उंची ३७१६ वर कापा. एवढ्याशा कापणीनं फोटो ओळखीचा वाटू लागतो.

अंगाभोवतीची गडद रेघ हा या चित्राचा प्राण आहे. ती संपादनात काढू नका, प्रकाशात मिळवा. उभ्या फोटोसाठी मोठा मऊ उजेड कॅमेऱ्याच्या बाजूनं सरळ समोरून द्या आणि मॉडेलच्या दोन्ही अंगांना, फ्रेमच्या जेमतेम बाहेर, ५० सेंटिमीटरवर काळे पुठ्ठे उभे करा. हातांच्या, मानेच्या, गालांच्या कडा आपोआप काळवंडतात आणि पेन्सिलीनं आखल्यासारख्या दिसतात. पुठ्ठे मीटरभर लांब गेले की परिणाम संपतो. समुद्राच्या लाटा तर फारच सोप्या आहेत. बोत्तिचेल्लीनं त्या इंग्रजी व्ही अक्षरासारख्या बारीक खुणांनी दाखवल्या आहेत. निळ्या चादरीवर पांढऱ्या खडूनं तशाच काढा, खालच्या कडेला १५ सेंटिमीटरच्या आणि वर जाताना लहान होत दोन सेंटिमीटरपर्यंत. सपाट चादरीला खोली येते.

आता गमतीची जागा. वेशभूषा स्पर्धा वाटते, कारण फोटोत सगळंच गमतीचं झालेलं असतं: झेफिरच्या हातात टेबलफॅन, होराकडे टॉवेल, व्हीनसच्या हातात मोबाइल, शिंपल्याऐवजी हवेची गादी. प्रत्येक वस्तू हसायला सांगते आणि डोळा कुठेच थांबत नाही. मूळ चित्राशी ढब, नजर, रंग आणि मोकळ्या जागा इमानानं जुळवा आणि बदल एकाच जागी करा. होराच्या हातात झग्याऐवजी आंघोळीचा पट्ट्यापट्ट्यांचा टॉवेल, बस. तो ती जितक्या गांभीर्यानं धरेल तितका फोटो खुलेल. चेहऱ्यांवर हसू नको. व्हीनसची नजर शांत आणि थोडी हरवलेली आहे. ती टॉवेलकडे पाहून हसली की चित्र संपलं.

२०२० च्या टाळेबंदीत लॉस एंजेलिसच्या गेटी म्युझियमनं लोकांना आवडतं चित्र घरातल्या फक्त तीन वस्तू वापरून उभं करायला सांगितलं होतं. मूळ कल्पना नेदरलँड्समधल्या एका इन्स्टाग्राम खात्याची होती. तीन वस्तूंचं हे बंधन आजही स्वतःवर घालून पाहण्यासारखं आहे. वस्तू निवडताना चित्र नीट पाहावं लागतं.

प्रश्न: व्हेलाझ्केझच्या आरशातल्या व्हीनससारखा पाठमोरा फोटो काढतोय. मॉडेलला आरशात स्वतःचा चेहरा स्वच्छ दिसतो, पण फोटोत आरसा रिकामा येतो.

तिला स्वतःचा चेहरा दिसतोय, म्हणूनच तुम्हाला दिसत नाही. आरशात तिचा चेहरा कॅमेऱ्याला दिसायचा तर तिला आरशात कॅमेऱ्याची लेन्स दिसली पाहिजे. मॉडेलला विचारत आरसा फिरवा: “लेन्स दिसली?” हो म्हणाली की थांबा. लंडनच्या नॅशनल गॅलरीतल्या या चित्रातली (१६४७ ते १६५१) व्हीनसही, आपल्याला वाटतं तशी, स्वतःला पाहत नाही. ती चित्र पाहणाऱ्याकडे पाहते आहे.

दुसरी अडचण पुढे येईलच, ती आत्ताच सांगतो. चेहरा आरशात फार लहान येतो. कॅमेरा आरशापासून ३ मीटर आणि डोकं आरशापासून १ मीटर असेल तर खरं डोकं २ मीटरवर आणि प्रतिबिंब ४ मीटरवर, म्हणजे निम्म्या आकाराचं. कॅमेरा ८ मीटरवर नेला तर ही अंतरं ७ आणि ९ मीटर होतात आणि प्रतिबिंब जवळजवळ ७८ टक्के आकाराचं येतं. चित्रात चेहरा नियमापेक्षा मोठाच रंगवलेला आहे, त्यामुळे जितकं मागे जाता येईल तितकं जा. फुल फ्रेमवर १३५ मिलिमीटरची लेन्स घ्या, फोकस ८ मीटरवर, म्हणजे आरशाच्या चौकटीवर, आणि एफ/११. साधारण ७ ते सव्वानऊ मीटरपर्यंत सगळं स्पष्ट राहतं, म्हणजे पाठ आणि प्रतिबिंब दोन्ही. फोनवर टेलिफोटो वापरा. आरसा ३० × ४० सेंटिमीटरचा पुरतो.

गंमत हवी तर कॅमेरा ट्रायपॉडवरून न हलवता दोन फोटो काढा आणि दुसऱ्यातला जीभ काढलेला चेहरा पहिल्याच्या आरशात बसवा. उजेड आणि फोकस हातानं ठरवून पक्के ठेवा, नाहीतर जोड दिसतो.

प्रश्न: पाण्यात स्वतःला पाहणारा नार्सिसस करायचा आहे. टबात प्रतिबिंब येतच नाही, तळ दिसतो.

टब लहान आहे आणि कॅमेरा उंच आहे. पाणी सरळ वरून पाहिलं तर जेमतेम २ टक्के प्रकाश परत फेकतं. पृष्ठभागापासून २० अंशांवरून पाहिलं तर सुमारे १३ टक्के आणि १० अंशांवरून जवळजवळ एक तृतीयांश. म्हणून कॅमेरा खाली आणा. चेहरा पाण्यापासून ३० सेंटिमीटरवर, कॅमेरा ४० सेंटिमीटरवर आणि दोघांत २ मीटर अंतर असेल तर प्रतिबिंब चेहऱ्यापासून ८६ सेंटिमीटर पुढे, कॅमेऱ्याच्या दिशेनं पडतं. तिथे पाणीच नसेल तर दिसणार काय? १२० × १२० सेंटिमीटरचं उथळ तळं करा: कडेला गुंडाळलेले टॉवेल, वरून काळं प्लॅस्टिक, एक सेंटिमीटर पाणी. सुमारे १४ लिटर लागतं. तळ काळाच हवा. पोलरायझर फिल्टर लावलेला असेल तर काढा, तो नेमकं प्रतिबिंबच खातो.

या कोनातून प्रतिबिंब खऱ्या चेहऱ्यापेक्षा तीन स्टॉप, म्हणजे सुमारे आठपट, काळं येईल. रोमच्या बार्बेरिनी राजवाड्यातलं, कारावाज्जोच्या नावावर असलेलं चित्र पाहा, तिथेही ते काळोखंच आहे. तसंच राहू द्या.

प्रश्न: अशा फोटोंना संग्रहालयाची परवानगी लागते का?

तुम्ही स्वतः माणसं उभी करून काढलेला फोटो हौसेनं मित्रांना दाखवायला काही लागत नाही. चित्रकारांना जाऊन शतकं लोटली आहेत, त्यांचे हक्क शिल्लक नाहीत. पण इटलीच्या सांस्कृतिक वारसा कायद्यानुसार तिथल्या सरकारी संग्रहातल्या कलाकृतींच्या प्रतिमा व्यवसायासाठी वापरायला परवानगी आणि शुल्क लागतं. कपड्यांवर ही व्हीनस छापल्याबद्दल उफ्फिझीनं २०२२ मध्ये ज्याँ पॉल गोतिए या फॅशन कंपनीविरुद्ध कायदेशीर कारवाई केली होती. तेव्हा मूळ चित्राची प्रतिमा फोटोत चिकटवून कॅलेंडर किंवा टी-शर्ट विकायचा विचार असेल तर आधी चौकशी करा.

प्रश्न: घरातल्या कुणालाच फोटोत चेहरा दाखवायचा नाही. असं एखादं चित्र आहे का?

आहे, आणि आमच्या मते या खेळासाठी त्याच्याइतकं चांगलं दुसरं नाही. ब्रुसेल्सच्या शाही संग्रहालयातलं, ब्रूगेलच्या नावानं ओळखलं जाणारं ‘इकॅरसचं पतन’. मेणाचे पंख वितळून पडलेला इकॅरस म्हणजे चित्राच्या उजव्या खालच्या भागात, पाण्याबाहेर राहिलेले दोन पाय. नांगरणारा शेतकरी मान खाली घालून नांगरतोय, मेंढपाळ भलतीकडे आभाळात पाहतोय, गळ टाकणारा आपल्या कामात आहे. कुणीही त्या पायांकडे पाहत नाही. तुमच्याकडेही पाठमोरी किंवा मान खाली घातलेली माणसं पुरतील.

निळ्या चादरीला ४० सेंटिमीटरची चीर द्या आणि ती टेबलाच्या पुढच्या कडेवरून ताणून बांधा. इकॅरस चादरीमागे जमिनीवर पाठीवर झोपून, कमरेखाली उशी घेऊन, पाय चिरेतून वर काढतो. दोन्ही पाय सारखे सरळ ठेवू नका, एक गुडघ्यात वाकवा. जुळलेले पाय पोहण्याच्या सरावासारखे दिसतात. चिरेच्या कडा पांढऱ्या कापसानं किंवा चुरगळलेल्या टिश्यूनं झाका, तोच फेस. पाय फ्रेमच्या उंचीच्या दहाव्या भागाहून मोठे नकोत. शेतकरी कॅमेऱ्यापासून ३ मीटरवर आणि पाय ९-१० मीटरवर ठेवले तर हे प्रमाण सहज जमतं. कॅमेरा डोक्याच्या उंचीहून वर, थोडा खाली पाहणारा, एफ/११. नांगराऐवजी व्हॅक्यूम क्लीनर द्या आणि दुसरी कसलीही गंमत घालू नका. पाय वर धरून फार वेळ राहता येत नाही, म्हणून बाकीच्यांच्या जागा आणि फोकस आधी पक्के करा आणि इकॅरसला सगळ्यात शेवटी बोलवा.